तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे होती?

सुईदोरा (मूळ धागा)

नऊ वर्षं एका तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे होती. बंगळूरच्या बाहेर निर्यातीचे कपडे शिवणारा कारखाना, हजाराच्या वर बाया मशीनवर, आणि मी कम्प्लायन्स विभागात, म्हणजे माल घेणाऱ्या बायरचे नियम पाळले जातात ना हे बघणाऱ्या. कारखान्याचं नाव लिहिणार नाही. परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या हेल्पलाइनी असतात, पेट्या असतात, मग बाया बोलत का नाहीत? तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

पेटी एचआरच्या केबिनबाहेर होती. पत्र्याची, निळी, शेजारी बायरच्या आचारसंहितेचं पोस्टर आणि बरोबर वर कॅमेरा. लाइनवरच्या बाईला पेटीपाशी जायचं तर टार्गेट सोडून, सुपरवायझरला विचारून, अख्खा फ्लोअर ओलांडून जावं लागे. दर सोमवारी मी पेटी उघडायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, ‘निरंक’. असे कितीतरी सोमवार. ऑडिटच्या आधी मात्र वरून सांगणं यायचं की चार-पाच तक्रारी दिसू द्या, पेटी वापरात आहे असं वाटायला हवं. मग आम्हीच चिठ्ठ्या लिहायचो. पंखा हळू फिरतो. कॅन्टीनचं सांबार पातळ असतं. समोर ‘कार्यवाही पूर्ण’ आणि तारीख. दीड दिवसात अख्खा कारखाना बघायला आलेला ऑडिटर रजिस्टर चाळून खूण करायचा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचा. त्या चिठ्ठ्या मी लिहिलेल्या आहेत. अक्षर वेगळं दिसावं म्हणून डाव्या हाताने.

मग एका सोमवारी खरी चिठ्ठी निघाली. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा. सुपरवायझरचं नाव, आणि तो मशीनच्या मागे येऊन उभा राहतो तेव्हा काय करतो ते दोन ओळींत. मी ती नियमाप्रमाणे मॅनेजरकडे नेली. त्यांनी पगाराचं रजिस्टर मागवलं आणि त्या लाइनवरच्या सह्या एकेक करून चिठ्ठीशेजारी धरल्या. पंधरा दिवसांत ती मुलगी काम सोडून गेली. राजीनामा तिने स्वतः लिहिलेला होता, तेच अक्षर. सुपरवायझरची बदली झाली, ती फक्त दुसऱ्या लाइनवर.

२०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसाय आणि मानवी हक्कांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. जॉन रगी यांनी ती तयार केली होती. त्यातलं एकतिसावं तत्त्व तक्रार यंत्रणेवरच आहे: तिच्यावर विश्वास बसला पाहिजे, माणसाला तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे, तक्रारीचं पुढे काय होणार हे आधी कळलं पाहिजे, आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्याशी बोलून ती उभी केली पाहिजे. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सगळं दाखवत असत. पेटी कुठे टांगायची हे मात्र बायांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

नऊ वर्षांत मला एवढं कळलं. तक्रार ऐकणारा ज्याचा पगार खातो, त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्याच्या हातात टिकत नाही. आणि तक्रार दाबली तर ज्याच्या खिशाला चाट बसेल असा कुणी पुरवठा साखळीत वर नसेल, तर ती वरपर्यंत जात नाही. तुमच्यापैकी कुणी या साखळीत कुठेही काम केलं असेल, शेतात, गोदामात, परदेशातल्या खरेदी विभागात, तर तुमच्याकडे तक्रार कुठून निघायची आणि कुठे जाऊन थांबायची ते लिहा.


ओळंबा

सुईदोरा ताई, चिठ्ठीचा परिच्छेद वाचून थांबलो बराच वेळ. लिहिलंत ते बरं केलंत.

मी स्थापत्य अभियंता, कॉलेजात शिकवतो. ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही इमारत दर वर्षी वर्गात येते. २४ एप्रिल २०१३, आठ मजले, १,१३४ मृत्यू. मुलं खांब, वाढवलेले मजले, वर ठेवलेले जनरेटर याबद्दल विचारतात. मी त्यांना आदल्या दिवसाबद्दल सांगतो. २३ तारखेला खांबांना भेगा पडल्या होत्या. लोक बाहेर काढले गेले. टीव्हीवर बातमी आली. एका अभियंत्याने इमारत धोक्याची आहे असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या माणसांना दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नाही, दुकानं बंद राहिली. वरच्या पाच कपडे कारखान्यांतल्या लोकांना मात्र सकाळी कामावर बोलावलं, आणि न आल्यास पगार जाईल अशी भीती घातली. नऊ वाजायच्या आत इमारत बसली.

म्हणजे माहिती सगळ्यांना होती. बँकेच्या कारकुनाला आणि शिवणाऱ्या मुलीला तीच भेग दिसत होती. फरक एवढाच की ‘मी आत जाणार नाही’ हे म्हणणं एकाला परवडत होतं.

नंतर मे २०१३ मध्ये कारखान्यांच्या सुरक्षेसाठी अकॉर्ड नावाचा जो करार झाला त्यात मला म्हणूनच एक कलम सगळ्यात मोलाचं वाटतं: धोकादायक वाटणाऱ्या इमारतीत शिरायला नकार देण्याचा कामगाराचा हक्क, आणि तो वापरला म्हणून पगार न कापण्याची हमी. अकॉर्ड हा ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ यांच्यातला कायदेशीर करार होता. दोनशेच्या वर ब्रँडनी सह्या केल्या. सुरक्षेची तक्रार थेट अकॉर्डच्या कार्यालयात जायची, तक्रार करणाऱ्याचं नाव कारखान्याला कळवलं जात नसे आणि अभियंते जाऊन पाहणी करत. कारखान्याने दुरुस्ती नाकारली तर सही केलेल्या सगळ्याच ब्रँडना त्याच्याशी व्यवहार थांबवावा लागे. ताई म्हणतात ती खिशाला लागणारी चाट इथे करारातच लिहिलेली होती. दोन ब्रँडनी आपली जबाबदारी पार पाडली नाही म्हणून महासंघ हेगच्या लवादापुढे गेले, आणि त्यातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलरची तडजोड झाली. यातला बहुतेक पैसा कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता. आता बांगलादेशातलं हे काम आरएमजी (म्हणजे तयार कपड्यांची) सस्टेनेबिलिटी कौन्सिल पाहते.


नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमच्याकडे १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. आधी ३,००० कर्मचाऱ्यांच्या वरच्या कंपन्यांना, पुढच्या वर्षी १,००० च्या वरच्यांना. कायद्यानुसार कंपनीला तक्रारीची सोय ठेवावीच लागते, आणि ती फक्त आपल्या माणसांसाठी नाही. पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे काम करणारा माणूससुद्धा तक्रार करू शकतो. ऐकणारा निःपक्ष हवा, तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये, कार्यपद्धती जाहीर हवी.

आमचं पोर्टल वीसेक भाषांत आहे. माझ्या कामाच्या यादीत चाकण आणि औरंगाबादचे पुरवठादार आहेत, पण त्या वीस भाषांत मराठी नाही. मी दोनदा मागणी केली आहे, पुन्हा करणार आहे. आणि खरं सांगायचं तर भाषा आली तरी लेथवर कंत्राटाने काम करणाऱ्या मुलाला हे कसं कळणार की त्याने कातलेला तुकडा कुठल्या कंपनीच्या यंत्रात बसतो? खोक्यावर त्याच्या मालकाच्या मालकाचं नाव असतं. आमचं नाव त्याने कधी ऐकलेलंच नसतं.

कायदा निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये डार्मश्टाटजवळ ग्रेफेनहाउझेनच्या महामार्ग थांब्यावर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, एका पोलिश वाहतूक समूहासाठी चालवणारे, पगार थकलेला. वसंतात साठेक चालक होते, उन्हाळ्यात शंभराच्या वर, काहींनी उपोषणही केलं. त्यांनी पोर्टलवर अर्ज भरला नाही. गाडी थांबवली, आणि गाडीत कोणाचा माल आहे याची चौकशी सुरू झाली. या कायद्याची अंमलबजावणी बघणारं केंद्रीय कार्यालय, बाफा, त्या कंपन्यांकडे विचारणा करू लागलं. मग पैसे हलले. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की आपला माल कोण वाहून आणतं.


धोटा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. कुणाला राग येईल, तरी लिहितो. इचलकरंजीत माझं छोटं युनिट आहे, साठ मशीन. मोठ्या निर्यातदाराचं जॉबवर्क करतो.

माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रार असते ती जादा वेळ थांबावं लागण्याची. ती खरी आहे. पण वेळ जादा का होतो ते बघा. नमुना मंजूर करायला बायर तीन आठवडे जास्त घेतो आणि माल पाठवायची तारीख तीच ठेवतो. उशीर झाला तर विमानाने पाठवा, भाडं तुमच्या अंगावर. पीसचा दर दर वर्षी खाली. आणि मग त्याच बायरचा दुसरा विभाग येऊन विचारतो की रजिस्टरमध्ये ओव्हरटाइम एवढा कसा? ही तक्रार मी कुणाकडे करायची?

आणखी एक. शेजारच्या युनिटमधल्या एका बाईने पोस्टरवरच्या नंबरला फोन केला. तक्रार रास्त होती. बायरने चौकशी केली आणि काम उचलून दुसऱ्या गावाला दिलं. चाळीस बाया घरी बसल्या. त्या गल्लीत आता कुणी तो नंबर फिरवत नाही. मालकांनी काही केलं नाही, बाया स्वतःच एकमेकींना सांगतात, फोन करू नको.


सुईदोरा

धोटा दादा, राग कशाला येईल? माझ्या पोस्टमध्ये जे राहिलं होतं ते तुम्ही लिहिलंत. ऑर्डर काढून घेणं ही बायरच्या हातातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि तिची शिक्षा तक्रार करणारीलाच होते. म्हणून मी दिंडिगुलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे नेमकी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न झाला.

जानेवारी २०२१. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात नाची अ‍ॅपरल या कपडे कारखान्यातल्या विशीतल्या दलित तरुणीचा खून झाला. ईस्टमन एक्स्पोर्ट्स समूहाचा कारखाना, एचअँडएम हा स्वीडिश कपड्यांचा ब्रँड मोठा खरेदीदार. खुनाच्या आरोपाखाली तिच्या सुपरवायझरला अटक झाली. तो कित्येक महिने तिला छळत होता असं तिच्या घरच्यांनी आणि सोबतच्या बायांनी सांगितलं. पोस्टर, समिती, ऑडिट हे सगळं तिथेही असणारच. माझ्या कारखान्यात होतं तसंच.

तिथली बायकांनी चालवलेली संघटना, टीटीसीयू, आधीपासून त्या भागात काम करत होती. तिने एशिया फ्लोअर वेज अलायन्स ही आशियातल्या कामगार संघटनांची आघाडी आणि अमेरिकेतल्या एका कामगार हक्क संस्थेला बरोबर घेऊन वर्षभर झगडा केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदार आणि एचअँडएम यांच्याशी करार झाले. पुढे गॅप आणि पीव्हीएच या अमेरिकन कपडे कंपन्याही आल्या. साधारण पाच हजार कामगार त्यात येतात. दरम्यान जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने नाची अ‍ॅपरलचा माल अडवण्याचा हुकूम काढला आणि सप्टेंबरमध्ये करारातली पावलं बघून तो सैल केला.

करारातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे लाइनवरच्याच बायांमधून नेमलेल्या निरीक्षक. सुमारे पंचवीस जणींमागे एक. म्हणजे तक्रार करायला उठून कुठे जावं लागत नाही. शेजारच्या मशीनवर बसलेली बाईच ती ऐकते, तिच्यामागे संघटना असते, आणि कारखान्यात सुटलं नाही तर ती स्वतंत्र तपासनिसांकडे जाते. कारखान्याने ऐकलं नाही किंवा सूड घेतला तर ब्रँडना त्या कारखान्याला व्यवहारात त्याची किंमत मोजायला लावावी लागते, आणि कारखाना नीट वागला तर ऑर्डर काढून पळून जायचं नाही, हेही त्याच रचनेत आहे. पहिल्या वर्षात दीडशेहून जास्त तक्रारी आल्या आणि बहुतेक सुटल्या. लैंगिक छळाच्याही होत्या, बाकी शिवीगाळ, बाथरूमला जाऊ न देणं, टार्गेटसाठी ओरडणं. म्हणजे त्या कारखान्यातल्या बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्याच.

हा आकडा वाचला त्या दिवशी मी निरंक लिहिलेली सगळी पानं मला आठवली.


बालाघाट

ताई, तुमच्या बायांच्या निदान रजिस्टरमध्ये सह्या होत्या. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर माझा वर्ग अर्धा रिकामा होतो. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत येतात.

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे तीनला उठते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो माझा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, पैसे घेतलेत ना, मग बोलायचं नाही. आजारी पडलं तर खाडा, खाड्याचा दंड, तो उचलीत वाढतो. हंगाम संपला तरी फिटलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

२०१९ मध्ये बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांच्या वर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्यात आहेत. तिशीच्या आतल्या आहेत. पाळीत खाडा पडू नये, हे त्या स्वतः सांगतात, आणि डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने हीच गोष्ट पुन्हा जगापुढे मांडली, महाराष्ट्रातली साखर कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत कशी जाते ते दाखवून. ऊसासाठी बॉन्सुक्रो नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, त्याची तक्रार प्रक्रियाही आहे. या कंपन्यांच्याही हेल्पलाइन आहेत. मी एकदा हंगामावरून आलेल्या पालकांच्या बैठकीत विचारलं, तुम्ही तोडलेल्या ऊसाचं पुढे काय होतं? साखर, म्हणाले. साखर कोण घेतं? एका बाईने उत्तर दिलं, ‘ते मुकादमाला ठावं.’

तर या साखळीत कुठेही तक्रारपेटी टांगायची म्हटली तर कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, कुठल्या कुडाला टांगणार? मुकादमाच्या हाताखालून न जाणारी वाट हवी. माझ्या मते पहिली मागणी एकच हवी, बाईचं नाव करारावर आणि ओळखपत्र तिच्या हातात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडून ते व्हावं म्हणून आमच्याकडच्या संघटना मागे लागल्या आहेत. नावच नसेल तर तक्रार कोण करणार?


निफाडकर

बालाघाट सर, वाचून अस्वस्थ झालो. मी द्राक्ष बागायतदार, निर्यात करतो, आणि आता तुमच्या प्रश्नावरून माझ्या बागेकडे बघतोय.

आमच्या मालाचा माग कसा निघतो ते सांगतो. अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था, तिच्या ग्रेपनेट या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीवर माझा प्लॉट नोंदलेला आहे. फवारणीची प्रत्येक नोंद वहीत. पेटीवरच्या नंबरावरून युरोपातल्या गोदामातला माणूस माझ्या बागेपर्यंत येऊ शकतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, कितीतरी बागायतदार त्यात बुडाले, आणि तेव्हापासून एका औषधाच्या अंशासाठी अख्खा तालुका खडबडून जागा होतो. म्हणजे एक किलो मालात मिलिग्रॅमचा अंश असला तरी तो रॉटरडॅमहून उलटा माझ्या बांधावर येतो.

त्याच बागेत डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि थिनिंगला (मण्यांची विरळणी) पेठ, सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या येतात. बायाच जास्त. त्यांचं काही दुखलं तर ते बांधावरून पुढे जायला वाट नाही. निर्यातीसाठी लागणाऱ्या ग्लोबलगॅप या शेती प्रमाणपत्राच्या ग्रास्प नावाच्या तपासणीत कामगारांच्या तक्रारीची प्रक्रिया हा मुद्दा आहे. माझ्याकडे त्याची फाइल आहे. सल्लागाराने करून दिलेली, मी सही केलेली. त्यातला कामगार प्रतिनिधी म्हणजे माझा ट्रॅक्टर ड्रायव्हर, जो माझ्याच घराशेजारी राहतो. टोळीतल्या एकाही बाईला तो प्रतिनिधी आहे हे माहीत नाही.

सुईदोरा ताई, हंगाम तोंडावर आहे. यंदा हे खरोखर करायचं म्हटलं तर मी काय करू? मालक मीच, म्हणजे तक्रार माझ्याविरुद्धही असणार.


वकील_सातारा

निफाडकर, कायद्याचं थोडक्यात सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शेतातल्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी, त्यात बाहेरची एक सदस्य हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. तो टोळीतल्या बायांपर्यंत पोचवा, कारण माझ्याकडे आलेल्या बहुतेक जणींना अशी समिती असते हेच माहीत नव्हतं.

कारखान्यांसाठी औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने तक्रार निवारण समिती आली, २० किंवा जास्त कामगार असतील तिथे, मालक आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच समित्यांत कामगारांचे प्रतिनिधी मालकाने निवडलेले होते. कायदा तोकडा आहे असं मला वाटत नाही. तो वापरणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं जाईल याची शाश्वती कुणी देत नाही.


टँपाकर

फ्लोरिडातून लिहितोय. इथून दोनेक तासांवर इमोकली नावाचं गाव आहे, टोमॅटोच्या शेतमजुरांचं. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीचे लोक. ३२ पाउंडांची बादली भरली की पन्नासेक सेंट मिळायचे. इथे डांबून ठेवून राबवल्याचे खटले अमेरिकेच्या कोर्टात चालले आहेत, फार जुने नाहीत.

इथल्या मजुरांच्या संघटनेने शेतमालकाशी भांडण्याऐवजी टोमॅटो विकत घेणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. २००१ मध्ये टॅको बेलवर बहिष्कार, चार वर्षं चालला आणि जिंकला. मागणी दोन: पाउंडामागे एक सेंट जास्त, तो थेट मजुराच्या पगारात, आणि आचारसंहिता मोडणाऱ्या शेतावरून माल न घेणं. आज मॅकडोनाल्ड्स, वॉलमार्ट असे खरेदीदार त्यात आहेत.

हेल्पलाइन चोवीस तास. उचलणारा माणूस तीच शेतं तपासणारा असतो, त्यामुळे कुठल्या शेतात पाणी कुठे ठेवतात हेसुद्धा त्याला माहीत असतं. ही तपासणी करणारी वेगळी संस्था आहे, न्यूयॉर्कच्या एक निवृत्त न्यायाधीश लॉरा सेफर एस्पिनोझा यांनी उभी केलेली. आणि हक्क काय आहेत हे मजूरच मजुरांना शेतावर येऊन सांगतात, तो वेळ पगारात धरला जातो. बलात्कार किंवा सक्तीची मजुरी सिद्ध झाली आणि मालकाने पाठीशी घातलं तर त्या शेताचा टोमॅटो यातला एकही खरेदीदार घेऊ शकत नाही. टोमॅटो टिकतो किती दिवस? द्राक्षांसारखंच, निफाडकर.


सुईदोरा

निफाडकर, उत्तराला दोन दिवस लागले कारण घाईत लिहायचं नव्हतं.

पेटी लावू नका. वर जे जे चाललेलं दिसतं तिथे कामगारांनीच ठरवलेला माणूस आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. टोळी येईल त्या पहिल्या दिवशी, मुकादमाशिवाय, बायांबरोबर बसा. शक्यतो तुम्हीही तिथे थांबू नका, घरातल्या कुणा बाईला किंवा वकीलताईंसारख्या कुणाला बोलवा. त्यांना विचारा की अडचण आली तर तुम्ही सगळ्यात आधी कुणाला सांगता? त्या जिचं नाव घेतील तिचाच नंबर सगळ्यांना द्या. तिला वेळेचे आणि फोनचे पैसे द्या, पण सगळ्या हंगामाचे आधीच, म्हणजे तिने तुमच्याविरुद्ध काही आणलं म्हणून ते थांबवता येणार नाहीत.

दुसरं, पॅकहाउसच्या निर्यातदाराकडून एक ओळ लिहून घ्या की तक्रार आली म्हणून माल नाकारणार नाही, दुरुस्तीला मुदत देणार. मिळेल की नाही माहीत नाही, पण मागा. धोटा दादांच्या गल्लीत झालं ते तुमच्याकडे होऊ नये.

तिसरं, अक्षर. काहीही लिहून मागू नका. तोंडी चालेल, फोन चालेल. कुणी सांगितलं हे तुमच्यापर्यंत येऊच देऊ नका. चिठ्ठी हातात आली की माणूस ती कुणाची हे शोधतोच, मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.


निफाडकर

दोन महिन्यांनी लिहितोय. थिनिंग संपलं, टोळी परवा गेली.

बायांनी नाव घेतलं ते त्यांच्या पाड्यावरच्या आशाताईंचं. मुकादम दोन दिवस घुम्यासारखा होता. निर्यातदाराने लिहून दिलं नाही, तोंडी हो म्हणाला. पुढच्या वर्षी कागदावर घ्यायचा प्रयत्न आहे. जिल्ह्याच्या समितीचा नंबर हजेरीकार्डाच्या मागे छापून दिला.

आशाताईंकडून चार गोष्टी आल्या. पहिली, प्यायचं पाणी ज्या ड्रममध्ये होतं तो मूळचा औषधाचा. धुतलेला होता, पण होता औषधाचाच. मी रोज त्याच्याशेजारून जायचो. त्याच दिवशी बदलला. दुसरी, मुकादम दर आठवड्याला प्रत्येकीचे पैसे ‘गाडीभाडं’ म्हणून कापत होता, जे मी त्याला वेगळं दिलेलं होतं. ते त्याच्याकडून परत करवलं. तिसरी राहण्याच्या खोलीबद्दल, दाराला आतून कडी नव्हती. लावली.

चौथी माझ्याबद्दल. पावसाने दीड दिवस काम बंद होतं, ती हजेरी मी अर्धी लावली होती. टोळी बागेत येऊन बसून होती, घरी गेली नव्हती. मला राग आला होता, खोटं बोलणार नाही, आणि कुणी सांगितलं असेल याचा विचार मनात आलाच. आशाताईंना विचारलं नाही. बावीस जणींचे पैसे शेवटच्या हिशोबात दिले.